गुडघ्यांच्या बाटलीतली गोळी

७ जुलै, सोमवार

नवी डायरी. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातून आणली, कडक पुठ्ठ्याची. मराठीत लिहिणार, कारण आमच्या कॉलनीत मराठी वाचणारं कुणी नाही. प्राजक्ता वाचते, पण बायको असून ती माझ्या वस्तूंना हात लावत नाही. मुलगी मृण्मयी पुण्याला हॉस्टेलवर. म्हणजे सेफ.

कल्पना एआरटी सेंटरच्या, म्हणजे जिथून गोळ्या मिळतात तिथल्या, काउन्सेलर इशिता मॅडमची. म्हणाल्या, सर, गोली किस टाइम ली, रोज लिख लिया कीजिए. मी त्यांना सांगितलं की नानाखेड्यात पोतनीस सरांची गणिताची ट्यूशन बावीस वर्षं घड्याळावर चालते, मला लिहायची गरज नाही. त्या म्हणाल्या, फिर भी.

नियम:

गोळी रोज रात्री साडेआठला, जेवण झाल्यावर. एकच. उपचार ४ फेब्रुवारीपासून सुरू आहेत, त्यामुळे सवय झालेलीच आहे. मे महिन्यात लग्नं होती, तेव्हा काही दिवस राहून गेले. ते धरायचे नाहीत. तेव्हा डायरी नव्हती.

आजाराचं नाव डायरीत लिहायचं नाही. H म्हणायचं. एचआयव्ही हा शब्द कुठेही येता कामा नये. (आला. हा शेवटचा.)

रोज स्वतःला दहापैकी गुण द्यायचे. प्रामाणिकपणे.

आज ८.३०. नवीन बाटली उघडली, तीस गोळ्या. गुण १०.

८ जुलै, मंगळवार

८.३०. गुण १०.

कालची सेंटरची गोष्ट लिहायची राहिली. मी तिथे हेल्मेट घालून जातो. निम्मं उज्जैन माझं विद्यार्थी आहे, उरलेलं पालक. गार्ड दर वेळी म्हणतो हेलमेट उतारिए, मी दर वेळी सांगतो डोकं दुखतंय. काल आतून आवाज आला, आने दो, वो हेलमेट वाले पोतनीस सर हैं. देशात गुप्ततेचा कायदा आहे म्हणे.

बाकावर शेजारी भैरवगढचा एक कापडाचा छपाईवाला होता, रामेश्वर. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. कारखान्यात चार वाजता चहा येतो, तेव्हा चहाच्या आधी गोळी घेतो. सगळ्यांसमोर. मी विचारलं, लोक काय म्हणतात. तो म्हणाला, पहले बोलते थे, अब याद दिलाते हैं. मला त्याची कीव आली. शिक्षण कमी असलं की माणूस असा उघडा पडतो. मी त्याला पंधरा मिनिटं औषध रक्तात कसं काम करतं ते समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आप लेते तो हो ना रोज? लोकांना कुणाला काय विचारावं याचा पोच नसतो.

इशिता मॅडमनी सूचना पुन्हा वाचून दाखवल्या. गोळ्या ज्या बाटलीत येतात त्याच बाटलीत ठेवायच्या, आतली ओल शोषणारी पुडी काढायची नाही. ॲसिडिटीचं औषध, कॅल्शियम, लोह यांच्यासोबत घ्यायची नाही, मधे काही तास जाऊ द्यायचे. एखादा दिवस चुकला तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दोन एकदम नाही. बरं वाटतं म्हणून थांबायचं नाही. शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. आणि आपली गोळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. मी मान हलवत होतो. ही यादी सर्वसाधारण पेशंटसाठी असते.

माझी पद्धत जास्त सुटसुटीत आहे. जेवण, गोळी, लगेच ॲसिडिटीचं गुलाबी औषध दोन चमचे. एका फेरीत सगळं.

९ जुलै, बुधवार

८.४०. ट्यूशनचा एक बाप बोलत बसला. गुण १०. दहा मिनिटांना कुणी गुण कापत नाही.

H कुठून आला असावा यावर आज पुन्हा विचार केला. जानेवारीत हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा कळलं. तेव्हाच यादी केली होती: टॉवर चौकातला न्हावी, दाताचा डॉक्टर, लहानपणीचं एक इंजेक्शन, डास. डासावर इशिता मॅडमनी काट मारली आणि न्हाव्यावर हसल्या. यादी प्राजक्तालाही दाखवली होती. तिने शांतपणे वाचली आणि विचारलं, भोपाळ? मी म्हटलं, यादी अजून पूर्ण झालेली नाही.

भोपाळची ती तीन दिवसांची वर्कशॉप या यादीत घ्यायचं कारण मला दिसत नाही.

प्राजक्ताची टेस्ट तेव्हाच झाली. निगेटिव्ह आहे. दर सहा महिन्यांनी पुन्हा करायची. ती या विषयावर फारसं बोलत नाही, म्हणजे तिने स्वीकारलेलं दिसतं.

११ जुलै, शुक्रवार

बापू येताहेत. प्राजक्ताचे वडील. रतलामला मुलाकडे, परागकडे असतात. रेल्वेतून रिटायर झालेले. महाकालाच्या सवारीसाठी, म्हणजे श्रावणातल्या दर सोमवारच्या पालखीसाठी, महिनाभर राहणार.

बापूंविषयी लिहायलाच हवं. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत ते माझ्याशी सरळ बोललेले नाहीत. प्राजू, यांना विचार चहा घेणार का. मी शेजारच्याच खुर्चीवर असतो. त्यांना जावई बँकेतला ऑफिसर हवा होता. ओळख करून देताना म्हणतात, ये ट्यूशन करते हैं. पोतनीस घराण्याने सरदारांचे खजिने सांभाळले, आणि हे म्हणतात ट्यूशन करते हैं.

त्यांना H कळला तर संपलंच.

प्राजक्ताने दोन उपाय सुचवले. एक, बापूंना सांगून टाका. दोन, गोळ्या कपाटात कुलपात ठेवा. दोन्ही बाळबोध. कुलूप दिसलं की माणसाला संशय येतो. उघड्यावर ठेवलेल्या वस्तूकडे कुणी ढुंकून पाहत नाही, हे मानसशास्त्र आहे. मी सगळ्या गोळ्या ‘संधिसुख वटी’च्या रिकाम्या बाटलीत भरल्या. लेबलवर मोठ्या अक्षरात: गुडघे, कंबर, सर्व सांधे. सरकारी बाटली आणि ती पुडी नानाखेडा बस स्टँडच्या कचऱ्यात टाकून आलो. मुद्दाम चालत गेलो. प्राजक्तालाही सांगितलं नाही.

८.३०. गुण १०. आणि नियोजनाचे वेगळे ५.

१२ जुलै, शनिवार

बापू आले. गाडी वेळेवर. गुडघे फार दुखतात म्हणे, स्टेशनचा जिना उतरायला वीस मिनिटं लागली. आल्याबरोबर जेवणाच्या टेबलावर आपल्या गोळ्यांची रांग लावली: शुगरची सकाळ-संध्याकाळ, बीपीची एक. औषध लपवतात ते चोर, असं प्राजक्ताला म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं.

८.३०. टेबलावर सगळ्यांसमोर ‘संधिसुख’मधून एक काढून घेतली. कुणाला काही कळलं नाही. गुण १०.

१४ जुलै, सोमवार

पहिली सवारी. आपला श्रावण लागायला अजून अकरा दिवस आहेत, पण बापू म्हणतात महाकालाचं पंचांग महाकालाला माहीत. दुपारपासून गुदरी चौकात उभे होते. परत आले ते चालत. प्राजक्ताला म्हणाले, आज गुडघा हलका वाटतोय. मी मनात महाकालाला हात जोडले.

९.१५. गर्दीमुळे उशीर. गुण ९.

१७ जुलै, गुरुवार

सहज मोजल्या. ७ ते १६ तारखेपर्यंत माझ्या दहा. तिसातून दहा गेल्या, वीस उरायला हव्यात. आहेत सोळा.

तीनदा मोजल्या. मी गणिताचा शिक्षक आहे. वजाबाकी चुकत नाही.

निष्कर्ष: बाटलीत मुळात सव्वीसच होत्या. सरकारी काम. फुकट देतात म्हणून मोजत नाहीत.

१८ जुलै, शुक्रवार

सेंटरची पुढची तारीख ५ ऑगस्ट. काल सोळा गोळ्या होत्या, दिवस जास्त. वहीत मांडणी केली. या गोळीचा असर चोवीस तासांनंतरही रक्तात काही प्रमाणात राहतो, असं इंटरनेटवर आहे. पूर्ण लेख वाचला नाही, पण तत्त्व समजलं. राहतो, म्हणजे दिवसाआड घेतली तरी चालावं. बारावीच्या पोराला सुटेल असं गणित आहे. सगळा देश रोज घेतो आणि निम्मी गोळी वाया जाते, हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही.

आजपासून दिवसाआड. ज्या दिवशी घ्यायची नाही त्या दिवशीही गुण १०, कारण योजना पाळली.

२० जुलै, रविवार

सकाळी पोहे. शेजारचे शर्माजी आले होते. बापूंनी खुर्ची सोडून उभं राहून, गुडघा वाकवून त्यांना दाखवला. म्हणाले, हमारे दामाद की दवाई है. आठ दिन में घुटना खुल गया.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

मग मराठीत, थेट माझ्याकडे बघून: सुहासराव, तुमची ती वटी मी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घेतोय. विचारलं नाही, घरचंच औषध. डबल फायदा झाला बघा.

सुहासराव. एकोणीस वर्षांनी.

शर्माजींनी नाव लिहून घेतलं. मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिलो. लगेच सांगायला हवं होतं, पण पाहुण्यासमोर बरं दिसलं नसतं. प्राजक्ता तेव्हा दूध आणायला गेली होती.

संध्याकाळी नक्की सांगणार.

२१ जुलै, सोमवार

सांगितलं नाही. सवारीचा दिवस, त्यात त्यांचा उपास. उपाशी माणसाला धक्का देऊ नये.

२२ जुलै, मंगळवार

सांगितलं नाही. बापू आज ट्यूशनच्या खोलीत येऊन मागच्या बाकावर बसले. तास संपल्यावर पोरांना म्हणाले, ऐसे सर मिलते नहीं, ध्यान दो. मग खांद्यावर हात ठेवून मला म्हणाले, तुमचं शिकवणं स्वच्छ आहे. रेल्वेत असतात तर वर गेला असतात.

अशा दिवशी कसं सांगणार.

८.३०. माझी पाळी होती, घेतली. गुण १०.

२४ जुलै, गुरुवार

शांत डोक्याने विचार केला. बापू घेतात ते औषध आहे, विष नाही. लाखो लोक घेतात. त्यांना फायदा होतोय. शिवाय त्यांच्या वयाच्या माणसाचा आनंद काढून घेणं हाही एक प्रकारचा अत्याचारच.

प्राजक्ताला सांगायचं नाही, ती तडकाफडकी निर्णय घेते.

बापूंचं पोट दोन दिवस बिघडलेलं आहे. देवळातल्या भंडाऱ्याची खिचडी. मी प्राजक्ताला म्हटलं, बाहेरचं देऊ नकोस.

२७ जुलै, रविवार

बाटली संपली. शेवटची बापूंनी घेतली. मला म्हणाले, सुहासराव, दुसरी आणा, मी पैसे देतो. मी म्हटलं, असं कसं.

तोडगा सापडला आहे. उद्या खरी ‘संधिसुख’ आणतो. त्यांच्या गुडघ्याला गुडघ्याचं औषध मिळेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

माझी पुढची बाटली ५ तारखेला. तोपर्यंत ब्रेक. आपण पोरांनाही युनिट टेस्टनंतर सुट्टी देतो.

३१ जुलै, गुरुवार

खरी ‘संधिसुख’ बापूंना पसंत नाही. रंग तपकिरी, चव कडू. आज म्हणाले, ही ती नव्हे. गुडघा पुन्हा धरलाय. पोट मात्र सुधारलं म्हणे, पण पोटाचं कुणी विचारलं होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी: प्राजू, यांना विचार, साखर पुरे का.

यांना. मी शेजारीच होतो.

२ ऑगस्ट, शनिवार

शर्माजी गेटवर भेटले. बापू त्यांना सांगत होते, पहले वाली असली थी, अब नकली ले आए. माझ्यासमोर.

गुण देण्याचं सध्या थांबवलं आहे. ब्रेकमध्ये मूल्यमापन करत नाहीत.

५ ऑगस्ट, मंगळवार

सेंटर. हेल्मेटसह.

इशिता मॅडमनी रिकामी बाटली मागितली, मोजायला. मी म्हटलं घरी राहिली, पण एकही गोळी शिल्लक नाही. हे अक्षरशः खरं आहे. त्यांनी विचारलं, कोई डोज़ छूटा? मी म्हटलं, मॅडम, मी गणिताचा माणूस. त्यांनी विचारलं, घर में कोई और तो नहीं खाता? मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

सहा महिने झाले म्हणून रक्त घेतलं. व्हायरल लोड म्हणतात त्याला. रक्तात H किती उरलाय ते मोजतात. नीट घेतली असेल तर मोजण्याइतका सापडत नाही. रिपोर्टला तीन आठवडे. मला काळजी नाही.

नवी बाटली मिळाली, तीस.

घरी आलो तर बापू दिवाणावर पाय लांब करून पडलेले. प्राजक्ता तेल लावत होती. त्यांनी मान वळवली नाही.

त्या जुन्या ‘संधिसुख’च्या बाटलीत मी पंधरा भरल्या. फक्त पंधरा. उरलेल्या पंधरा माझ्या, कंपासपेटीत.

जेवताना म्हटलं, बापू, पहिल्या कंपनीची मिळाली.

६ ऑगस्ट, बुधवार

सुहासराव, मान गए. सकाळी सकाळी म्हणाले. परागला फोन करून रतलामची लवंगी शेव पाठवायला सांगितली, माझ्यासाठी. मला तिखट चालत नाही. पण मी खाणार.

८.३०. दिवसाआड पुन्हा सुरू. गुण १०.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. बापूंचं पोट पुन्हा बिघडलं. दिवसभरात सात-आठ वेळा गेले. मळमळ आहे. तरीही शुगरच्या गोळ्या नियमित घेतात, आणि माझीही. औषधाच्या बाबतीत बापू फार काटेकोर आहेत.

प्राजक्ता म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, आज सण, दवाखाने बंद असतील. दोन उघडे होते, नंतर कळलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सकाळी बापू बाथरूममध्ये पडले. चक्कर आली. फ्रीगंजच्या एका नर्सिंग होममध्ये आणलं. सलाईन चालू आहे. हे मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरने विचारलं, कौन कौन सी दवाइयाँ चल रही हैं. प्राजक्ताने शुगरची आणि बीपीची सांगितली. डॉक्टर म्हणाला, और कुछ? बापू पडल्या पडल्या म्हणाले, घुटने की वटी, दामाद ने दी है. मी म्हटलं, आयुर्वेदिक आहे, किरकोळ. डॉक्टर म्हणाला, दिखाइए.

मी म्हटलं घरी आहे, नंतर आणतो. प्राजक्ताच्या पर्समध्ये होती. ती बापूंची सगळी औषधं घेऊन निघाली होती.

डॉक्टरने बाटली तळहातावर उलटी केली. पांढऱ्या, लांबट, वर आकडे कोरलेल्या. त्याने वास घेतला आणि म्हणाला, ये वटी नहीं है. ये क्या है?

प्राजक्ताने गोळी पाहिली. तिला लगेच कळलं. गेले सहा महिने ती ही गोळी रोज पाहते आहे. तिने डॉक्टरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ती सांगणार नव्हती. मलाच सांगावं लागणार होतं.

मी डॉक्टरच्या जवळ जाऊन इंग्रजीत, हळू आवाजात सांगितलं. तो म्हणाला, ज़ोर से बोलिए, पंखा चल रहा है.

मग मी मोठ्याने म्हटलं. एचआयव्हीची गोळी आहे. माझी आहे.

नर्सने वर पाहिलं आणि पुन्हा सलाईन लावायला लागली. डॉक्टरच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याने एवढंच विचारलं, किती दिवसांपासून घेताहेत. मी तारखा सांगितल्या. तारखा मला पाठ आहेत.

तो म्हणाला, या गोळीमुळे शुगरच्या गोळीचं प्रमाण रक्तात वाढतं. त्याने जुलाब, त्याने अंगातलं पाणी गेलं, आणि या वयात किडनीवर ताण. वेळेवर आणलंत. एक-दोन दिवस उशीर झाला असता तर मी वेगळं काही सांगत असतो.

बापूंनी एवढ्या वेळात एकच प्रश्न विचारला. तुम्हाला कधी कळलं मी ती घेतोय ते?

मी म्हटलं, वीस जुलैला.

ते बोटांवर मोजायला लागले. हाताला सुई होती म्हणून दुसऱ्या हाताने. मग थांबले आणि भिंतीकडे तोंड केलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

किडनीचे आकडे सुधारताहेत. बापूंच्या रक्ताची एचआयव्ही टेस्टही केली, डॉक्टर म्हणाला गोळी पोटात गेली आहे तर करून ठेवू. निगेटिव्ह. फॉर्मवर बापूंनी चष्मा लावून सही केली, सगळं वाचून.

प्राजक्ता दोन दिवस तिथेच आहे. मी डबा नेला. तिने घेतला. जिन्यापर्यंत माझ्यासोबत आली आणि म्हणाली, तुमचा आजार मी सांभाळला. तुमची लाजही सांभाळली. बापूंना कशाला ओढलंत?

मला तिला ‘सुहासराव’ची गोष्ट सांगायची होती. त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता ती. तोंडातून निघालं, डब्यात लोणचं ठेवलंय.

कंपासपेटीतली गोळी घ्यायची राहिली. आज पाळी होती.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

बापू रतलामला गेले. पराग न्यायला आला होता. मी बॅग उचलली. बापूंनी उचलू दिली.

प्लॅटफॉर्मवर पराग पाणी आणायला गेला तेव्हा बोलले. त्यांचा आवाज नेहमी मोठा असतो, आज नव्हता. म्हणाले, रेल्वेत अडतीस वर्षं काढली. माझ्या हाताखालच्या एका फिटरला हे होतं. मीच त्याला दवाखान्यात न्यायचो, तेव्हा औषधंही मिळत नसत. मला सांगितलं असतंस तर मी काही म्हटलं नसतं.

मी म्हटलं, बापू, मला वाटलं होतं…

ते म्हणाले, पहिल्यांदा मी न विचारता घेतली. ती माझी चूक. पण ती संपली होती. तू पुन्हा भरलीस.

‘तू’ म्हणाले. गाडी आली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. ४३१०.

इशिता मॅडमना म्हटलं, मशीनमध्ये दोष असेल, रक्त बदललं गेलं असेल, उन्हाळ्यात नमुने खराब होतात. त्या म्हणाल्या, सर, अगस्त है. मग पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, अब बताइए.

सांगितलं. मे महिना, लग्नं, दिवसाआडचं गणित, ब्रेक, कंपासपेटी, ॲसिडिटीचं औषध त्याच फेरीत, बापू. अर्धा तास लागला. त्यांनी कुठेही मान हलवली नाही, लिहीत गेल्या. बोलता बोलता घाम आला म्हणून हेल्मेट काढलं. सूर्यवंशीचा मोठा मुलगा, २०१४ ची बॅच, पलीकडच्या खिडकीत रजिस्टर भरत होता. म्हणाला, नमस्ते सर. तिथेच नोकरीला आहे. चार वर्षांपासून.

तीन महिने दर महिन्याला काउन्सेलिंग. मग पुन्हा रक्त. तेव्हाही आकडा हजाराच्या वर राहिला तर औषध बदलायचं का ते पाहावं लागेल, आणि दुसरी औषधं इतकी सोपी नसतात. प्राजक्ताची टेस्टही लगेच करायची, जुलैत व्हायला हवी होती ती राहूनच गेली. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

रामेश्वर बाहेर बाकावर होता. त्याचा आकडा सापडलाच नाही, नॉट डिटेक्टेड. माझा विचारला. मी सांगितला. तो म्हणाला, हो जाएगा सर, चार बजे चाय पे आ जाया करो.

एका फॉर्मवर घरच्या माणसाचं नाव हवं होतं, रोज आठवण करून देणारं. मी प्राजक्ताचं लिहिणार होतो. घरी येऊन तिला विचारलं. ती म्हणाली, माझा रिपोर्ट येईपर्यंत मला काही विचारू नका.

३० ऑगस्ट, शनिवार

प्राजक्ताचा रिपोर्ट निगेटिव्ह.

तिने तो टेबलावर ठेवला आणि आत जाऊन झोपली, दुपारी तीन वाजता. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. चारची बॅच आली. त्यांना परत पाठवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी ती उठली आणि बापूंना फोन लावला. रिपोर्ट सांगितला. मग बराच वेळ नुसतं हो, हो म्हणत होती. फोन ठेवून त्या फॉर्मवर स्वतः नाव लिहिलं आणि माझ्याकडे सही करायला दिला.

बापूंचं नाव.

६ सप्टेंबर, शनिवार

साडेआठला फोन. रोज येतो, रविवारी पण. हॅलो म्हणत नाहीत. घेतली? एवढंच. मी हो म्हणतो, ते ठेवतात.

आज ट्यूशनच्या पालकांची मीटिंग लांबली, मी नुकताच आत आलो होतो, ताट समोर होतं. फोन वाजला. घेतली? मी म्हटलं, हो.

त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाले, पाणी पिण्याचा आवाज आला नाही.

प्राजक्ताने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

बाटली उघडली. घेतली. ते ऐकत होते.